'कर' गाव सांगतो, जात नाही

लालबाग-परळमध्ये खोली भाड्याने देताना आणि दादर-गिरगावात स्थळ बघताना आडनाव ऐकलं, की लोक मनातल्या मनात हिशेब मांडतात. 'कर' लागलाय ना, मग हे सारस्वत. नाहीतर भंडारी. हा गैरसमज नुसता चुकीचा नाही, माणसाचं नुकसान करणारा आहे.

'कर' बहुतेक वेळा फक्त गाव सांगतो. त्या गावातून जो बाहेर पडला त्याला ते आडनाव लागलं. मग तो मराठा असो, भंडारी, गाबीत, महार, ब्राह्मण, मुसलमान की ज्यू. श्रीवर्धनजवळच्या दिवेआगरचंच बघा. दिवेकर ब्राह्मणांत आहेत आणि बेने इस्रायली ज्यूंमध्येही. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग मांडवीत 1796 साली उभं राहिलं, ते उभारणारे ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतले सामाजी हसाजी दिवेकर. बेने इस्रायली घरांत पेणकर, रोहेकर, किहीमकर अशी आडनावं आजही आहेत. समुद्रावाटे आलेल्या या समाजाने धर्म आपला ठेवला आणि आडनाव रायगडच्या गावांचं घेतलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

पारकरांचं उदाहरण तर क्रिकेटवेड्या दादरकरांना तोंडपाठ असायला हवं. दादर युनियनच्या सुनील गावसकरांबरोबर कसोटीत दोन पारकर सलामीला उतरले: 1972-73 च्या मोसमात रामनाथ आणि 1982 साली लॉर्ड्सवर गुलाम. एक हिंदू, दुसरा कोकणी मुसलमान.

दुसरा समज असा, की आपलं आडनाव पिढ्यान्‌पिढ्या, शिवकाळापासून जसंच्या तसं चालत आलंय. काही घराण्यांचं आलंही असेल. पण सामान्य माणसाला स्वतःचं आणि बापाचं नाव पुरत असे. गावात राहून गावाचं नाव लावायची गरजच काय? ती गरज परमुलखात पडली. 1850 च्या दशकात ताडदेवला पहिली कापड गिरणी निघाली, मग रत्नागिरीकडून माणसांची रीघ लागली. शाळेचा दाखला, कोर्टाचा कागद, गिरणीचं मस्टर, सगळीकडे आडनावाचा रकाना. तो भरताना कुणी घराण्याचं नाव सांगितलं, कुणी गावाचं. त्यामुळे एकाच घराण्यात दोन आडनावं झाली, यात लबाडी काही नाही. बाबासाहेबांचं घराणं सकपाळांचं, मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. 7 नोव्हेंबर 1900 रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या रजिस्टरात नाव नोंदलं गेलं ते भिवा रामजी आंबेडकर. पुढे परळची बीआयटी चाळ आणि दादरचं राजगृह त्याच नावाने ओळखलं गेलं. दीनानाथ मंगेशकरांनीही घराण्याचं हर्डीकर न लावता गोव्यातल्या मंगेशीचं नाव लावलं.

आडनाव एक म्हणजे भाऊबंद, हेही खरं नाही. परळमधले दोन शिरोडकर शेजारी राहत असतील, पण एक शिरोडं वेंगुर्ल्याजवळ आहे आणि दुसरं गोव्यात. गर्भाशयाच्या मुखाला घालायच्या ज्या टाक्याला जगभर शिरोडकरांचं नाव आहे, ते डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर गोव्यातले. शिरगाव तर देवगडातही आहे, रत्नागिरीजवळही आणि पालघरातही. शिरगावकर कुठले ते विचारल्याशिवाय कळायचं नाही.

आणि प्रत्येक 'कर' गावाचा असतोच असंही नाही. गावकर हा गावचा मानकरी. शिवाय लालबाग म्हणजे सगळे 'कर' असंही नव्हे. सावंत, परब, राणे, तावडे, घाटावरचे शिंदे आणि कदम यांनीही गिरण्यांतली तीच यंत्रं चालवली.

आता चाळी पाडून टॉवर होत आहेत आणि दारावरच्या पाट्या जात आहेत. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना मूळ गाव, वाडी, तालुका आणि जुनं आडनाव विचारून ठेवा, जुने दाखले जपा. समोरच्याचं आडनाव ऐकलंत, तर गाव जरूर विचारा. जात मात्र शोधू नका.