मिहानजवळ प्लॉट घ्यायचा विचार आहे?

नागपूरहून वर्ध्याकडे जाताना विमानतळ मागे पडले, की रस्त्याच्या दोन्ही अंगांना प्लॉटच्या पाट्या दिसू लागतात. ‘मिहानला लागून’, ‘मिहानपासून पाच मिनिटे’, ‘हप्त्याची सोय’. ही पाच मिनिटे कोणत्या वाहनाने आणि किती वाजता मोजली, हे पाटीवर लिहिलेले नसते. रविवारी दलालांच्या गाड्या भरभरून गिऱ्हाइके येतात, जागा पाहतात, चहा पितात, आणि त्यांतले दोघे-चौघे त्याच दिवशी इसार देऊन मोकळे होतात.

वाचकहो, या गिऱ्हाइकांत तुमच्याआमच्यासारखी शेतकरी कुटुंबे पुष्कळ असतात. कोणाची जमीन समृद्धी महामार्गात गेली आणि एकरकमी पैसा हाती आला. कोणाचा मुलगा नागपुरात नोकरीला लागला. कोणी धुऱ्यापलीकडचा एक तुकडा विकला. बँकेत पैसा ठेवला तर तो खर्चून जाईल, त्यापेक्षा जमिनीत जमीन बरी, असा आपला हिशेब असतो. तो चुकीचा नाही. पण वावर पारखण्याची आपली रीत प्लॉटला पुरत नाही.

मिहान म्हणजे काय ते आधी पाहू. विमानतळाभोवती मालवाहतुकीचे केंद्र आणि उद्योगनगरी वसवायची, अशी ही योजना. तिच्यासाठी शासनाने २००२ मध्ये महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी स्थापन केली. शिवणगाव, चिंचभुवन, खापरी, दहेगाव, कलकुही, तेल्हारा या व आसपासच्या गावांची मिळून चार हजार हेक्टरांच्या वर जमीन योजनेखाली आली. म्हणजे पाटीवर जे ‘मिहान’ वाचता, ते मुळात वस्तीचे नाव नव्हे. आतली जमीन कंपनीच्या ताब्यात असून उद्योगांना व गृहप्रकल्पांना ती दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने मिळते. दलाल तुम्हाला जो प्लॉट दाखवतो तो बहुधा कुंपणाच्या बाहेरचा, एखाद्या चिमुकल्या उपनगरातला असतो: चार गल्ल्या, दोन किराणा दुकाने, बाकी मोकळे रान. अशा लहान वस्तीचा भाव पारखायचा कसा, हाच खरा प्रश्न आहे.

मोठ्या प्रकल्पांची नावे खोटी नाहीत. बोइंगने उभारलेला विमानदुरुस्तीचा तळ २०१५ मध्ये एअर इंडियाने सुरू केला. टीसीएस, एचसीएल यांची कार्यालये आहेत. खापरी ते सीताबर्डी मेट्रो मार्च २०१९ पासून धावते. भारतीय व्यवस्थापन संस्थेच्या इमारतीचे उद्घाटन मे २०२२ मध्ये झाले, तर एम्स रुग्णालयाचे लोकार्पण आणि समृद्धी महामार्गाच्या शिर्डीपर्यंतच्या टप्प्याचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी एकाच दिवशी झाले. विमानतळाच्या विस्ताराची पायाभरणी ऑक्टोबर २०२४ मध्ये झाली.

आता याच यादीकडे दुसऱ्या बाजूने पाहा. योजना २००२ ची, आणि यांतली बहुतेक कामे उभी राहायला पंधरा ते वीस वर्षे लागली. मधल्या काळात काही कंपन्यांनी जमिनी घेऊन ठेवल्या आणि त्या तशाच पडून राहिल्या. दुसरी धावपट्टी सुरुवातीपासून आराखड्यात आहे. पहिल्या बोलबाल्यात, चढ्या भावाने ज्यांनी प्लॉट घेतले त्यांनी बाजारात तुरी असताना घरी डाळ शिजवली. प्रकल्प आले ते खरे. पण ते आपल्या गरजेच्या वेळी आले नाहीत. मुलीचे लग्न, आजारपण, मुलाचे शिक्षण हे काही धावपट्टीची वाट पाहत थांबत नाहीत.

लहान वस्तीत आणखी एक अडचण असते. कापसाला बाजार समिती आहे, रोजचा भाव पेपरात येतो. येथे वर्षाकाठी मोजकेच सौदे होतात, म्हणून भाव म्हणजे विकणाऱ्याच्या तोंडचा शब्द. त्याला ताळा दोन ठिकाणी मिळतो. शासनाचे वार्षिक दरपत्रक, ज्याला रेडी रेकनर म्हणतात, ते पाहावे. आणि दुय्यम निबंधकाच्या नोंदीतील सूची क्रमांक दोन, ज्यात झालेल्या खरेदीखतांचा मोबदला लिहिलेला असतो, ती पाहावी. तिसरी युक्ती याहून सोपी. घेणारे म्हणून जाऊन आलात ना? आता आठ-दहा वर्षे जुन्या लेआउटमध्ये विकणारे म्हणून जा. ‘पाहुण्यांचा प्लॉट काढायचा आहे, आज रोख काय मिळेल?’ असे दोन-तीन दलालांना विचारा. घेतानाचा आणि विकतानाचा भाव यांत जे अंतर पडेल, ते सारे काही सांगून जाईल.

‘दहा वर्षांत दुप्पट’ हे वाक्य तर ठरलेलेच. ते मांडून पाहू. समजा १० लाखांचा प्लॉट आहे. मुद्रांक शुल्क, नोंदणी व किरकोळ मिळून ७५ हजार धरा. घरातून गेले पावणेअकरा लाख. दहा वर्षांनी खरोखरच २० लाख आले. दलाली ४० हजार. नफ्यावर आजच्या साडेबारा टक्के दराने आयकर साधारण १ लाख १० हजार. हाती उरले साडेअठरा लाख. म्हणजे चक्रवाढीने वर्षाला साडेपाच-पावणेसहा टक्के पडले. तेही भाव दुप्पट झाला तर! शिवाय या दहा वर्षांत त्या जागेने तुम्हाला ना पोतेभर गहू दिला, ना कडब्याची पेंडी. खेड्यातली शेतजमीन विकल्यास भांडवली नफ्यावर आयकर लागत नाही, प्लॉटवर लागतो, हेही पुष्कळांना ठाऊक नसते. मात्र नागपूर महापालिकेच्या हद्दीपासून आठ किलोमीटरांच्या आतली शेतजमीन या सवलतीत बसत नाही.

म्हणून माझे मत असे की, केवळ भाव वाढेल या आशेने कुंपणाबाहेरचा प्लॉट घेऊ नये. घर बांधायचे असेल, मुलगा तिथे राहणार असेल, किंवा दोन खोल्या काढून रुग्णालयातल्या वा कारखान्यातल्या नोकरदाराला भाड्याने देता येत असतील, तर जरूर घ्यावा. तिथे भाडेकरू मिळतो का, हे कळायला पुस्तक नको. कामाच्या दिवशी संध्याकाळी सात वाजता त्या गल्लीतून चालत जा. किती खिडक्यांत दिवा आहे? दोऱ्यांवर कपडे वाळताहेत का? दूधवाला येतो का, पोरे शाळेत कशी जातात, शेवटची बस किती वाजता? सोबत घरातल्या बाईला न्या. पाणी कुठून आणि कोणत्या वेळी येते, हे ती शेजारणीकडून पाच मिनिटांत काढून घेते. आपण तासभर नुसते नकाशाच पाहत बसतो. खरेदीखतावर तिचेही नाव घालावे.

आणि पिकते वावर विकून प्लॉट घेण्याआधी तर शंभर वेळा विचार करा. विदर्भाला १९५८ चा कुळकायदा लागू आहे. तुमच्या नावावर गुंठाही उरला नाही, तर कायद्याच्या नजरेत शेतकरी म्हणून तुमची ओळखच पुसली जाऊ शकते, आणि मग पुन्हा शेतजमीन घ्यायला परवानगीसाठी खेटे घालावे लागतात. थोडी तरी जमीन नावावर ठेवाच.

कागदांत सातबारा व फेरफार आपल्या ओळखीचे. त्यापुढे अकृषिक आदेश, नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने मंजूर केलेला लेआउटचा नकाशा, आणि विकास आराखड्यात ती जागा रहिवासी पट्ट्यात आहे, रस्त्याच्या किंवा बागेच्या आरक्षणात नाही, असा दाखला मागावा. महारेरा क्रमांक विचारावा. नुसत्या मुखत्यारपत्रावर मालकी मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले आहे. ‘रजिस्ट्री मागाहून करू’ म्हणणाऱ्याला नमस्कार करून उठावे. दोन-चार गुंठ्यांच्या तुकड्यांना १९४७ चा तुकडेबंदी कायदा आडवा येतो. २०२५ मध्ये शासनाने त्यात ढील देण्याचे ठरवले खरे, पण तुमच्या गट नंबरला ती लागू आहे का, हे दुय्यम निबंधकाकडेच विचारा, दलालाकडे नव्हे.

जागा पाहायला दलाल उन्हाळ्यात बोलावतो, तुम्ही पोळ्याच्या सुमारास जा. हा सारा पट्टा बराचसा काळ्या मातीचा. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि उथळ पायावरच्या भिंतींनाही तशाच भेगा पाडते. पाया मुरुमापर्यंत न्यावा लागतो. मुरूम किती हातांवर लागतो, हे शेजारी बांधकाम चालू असेल तर त्या गवंड्याला विचारा, आणि तो खर्च प्लॉटच्या किमतीत आजच मिळवून ठेवा.