नाला नाही, नदी म्हणा!
मार्वेहून मनोरीला फेरीबोटीने गेलायत कधी? काही मिनिटांचा प्रवास, मस्त वारा, दोन-चार सेल्फी. पण बोटीखालचं पाणी कुठून येतं, असा प्रश्न पडलाय? या खाडीत नुसता समुद्र नाही. बोरिवली-दहिसरमधून वाहत आलेली एक अख्खी नदी तिला मिळते.

दहिसर नदी! उगम संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात, तुळशी तलावाजवळ. लांबी जेमतेम 12 किलोमीटर. जंगलात ती नितळ असते. उद्यानाबाहेर पडली की तबेल्यांचं शेण, वस्त्या-सोसायट्यांचं सांडपाणी, प्लॅस्टिक, सगळं तिच्या पोटात. मग आपणच नाक दाबून म्हणतो, ‘नाला आहे रे!’

हे चित्र बदलायला ‘रिव्हर मार्च’ ही नागरिकांची चळवळ उभी राहिली. दहिसर, पोयसर, ओशिवरा आणि मिठी या चार नद्यांसाठी लोक रस्त्यावर उतरले. 2018 मध्ये या नद्यांवर एक गाणंही आलं. त्यात तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस झळकले, वादही झाला. पण मुंबईत चार नद्या आहेत, हे मला तरी त्या गाण्यामुळेच कळलं.

अर्थात, गाण्याने पाणी स्वच्छ होत नाही. सांडपाणी नदीत पडण्याआधीच अडवून शुद्ध करावं लागतं. ते काम महापालिकेचं. त्यासाठी मागे लागायचं काम आपलं. आणि वेफर्सचं पाकीट पुलावरून न फेकणं? ते तर फक्त आपलंच. नाहीतर ते एक दिवस मनोरीच्या कोळ्याच्या जाळ्यात मासळीसोबत वर येईल.

पुढच्या वेळी पूल ओलांडताना खाली बघा. आणि नदीला नदी म्हणा. सुरुवात तिथूनच होते.