बदली झाली तरी खाते तेच

धुळ्याहून जळगाव जिल्ह्यात बदलून जाणारा शिक्षक सेवापुस्तकाची चौकशी आठवणीने करतो. निवृत्तिवेतनाच्या खात्याचा मात्र त्यास विसर पडतो. १ नोव्हेंबर २००५ पासून नेमले गेलेले जे शिक्षक राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत आहेत, त्यांचा १२ अंकी ‘प्रान’ क्रमांक कायम एकच राहतो. जिल्हा बदलो वा नोकरी, नवा क्रमांक घेऊ नये. जुनाच नव्या कार्यालयास कळवावा.

खरी मेख पूर्वीच्या परिभाषित अंशदान योजनेतील कपातीची. ती रक्कम व्याजासह ‘प्रान’ खात्यात जमा झाली काय, हे जुन्या पगारपत्रकांशी ताडून पाहावे. तफावत दिसल्यास कार्यमुक्त होण्यापूर्वीच पंचायत समितीकडे लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. मागाहून दोन जिल्ह्यांत खेपा घालणे शनिवारच्या सकाळच्या शाळेनंतरही साधत नाही.