हरित पक्षांची जागतिक मैत्री : सनदेकडून जबाबदारीकडे

टास्मानिया हे ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेचे बेट. तिथले पेडर सरोवर वीजनिर्मितीच्या धरणाखाली जाणार हे दिसू लागले, तेव्हा ते वाचवू पाहणारी माणसे मार्च १९७२मध्ये होबार्टच्या टाउन हॉलमध्ये जमली. अर्ज-विनंत्या संपल्या होत्या, म्हणून त्यांनी निवडणुकीत उतरायचे ठरवले. त्या सभेतून निघालेला ‘युनायटेड टास्मानिया ग्रुप’ जगातला पहिला हरित पक्ष मानला जातो. दोनच महिन्यांनी न्यूझीलंडमध्ये ‘व्हॅल्यूज पार्टी’ स्थापन झाली. सरोवर बुडाले, पण निसर्गाचा प्रश्न मतपेटीपर्यंत नेता येतो हे त्या पराभवाने दाखवले. दहा वर्षांनी त्याच बेटावर फ्रँकलिन नदीवरील धरणाविरुद्ध लोकांनी वाट अडवली. त्यात अटक झालेले डॉक्टर बॉब ब्राउन तुरुंगातून सुटले आणि लगेच प्रांतिक विधिमंडळात दाखल झाले. १९८३मध्ये ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाच्या चार विरुद्ध तीन अशा निकालाने ते धरण थांबले.

युरोपात या राजकारणाला वेगळे बळ मिळाले. जानेवारी १९८०मध्ये कार्ल्सरूह येथे पश्चिम जर्मनीचा ‘ग्र्युनेन’ पक्ष जन्मला आणि १९८३मध्ये ५.६ टक्के मते घेऊन राष्ट्रीय संसदेत पोहोचला. त्याच्या नेत्या पेत्रा केली अमेरिकी क्षेपणास्त्रांच्या कडव्या विरोधक होत्या. मात्र त्याच वर्षी त्यांनी सहकाऱ्यांसह पूर्व बर्लिनच्या अलेक्झांडरप्लात्झ चौकात नि:शस्त्रीकरणाचा फलक उलगडला आणि तिथेही पोलिसांनी त्यांना ताब्यात घेतले. शीतयुद्धातल्या दोन्ही गटांच्या शस्त्रांना एकाच तोंडाने विरोध करण्याची ही रीत हरित राजकारणाची खरी ओळख आहे. नदी, वारा आणि किरणोत्सर्ग यांना सीमा कळत नाहीत. त्यांच्यासाठी लढणारा पक्ष एका देशापुरता राहूच शकत नाही.

रिओ ते कॅनबेरा

१९९२च्या रिओ वसुंधरा परिषदेच्या तोंडावर निरनिराळ्या खंडांतील हरित कार्यकर्ते त्याच शहरात भेटले. त्या ओळखीतून एप्रिल २००१मध्ये ‘ग्लोबल ग्रीन्स’ ही संघटना उभी राहिली. कॅनबेरामध्ये सत्तरहून अधिक देशांतले सुमारे ८०० प्रतिनिधी जमले आणि त्यांनी एक सनद मान्य केली. परिसराचे शहाणपण, सामाजिक न्याय, लोकसहभागाची लोकशाही, अहिंसा, शाश्वतता आणि विविधतेचा आदर ही तिची सहा तत्त्वे. आफ्रिका, आशिया-पॅसिफिक, युरोप आणि अमेरिका खंड असे चार महासंघ या रचनेत आहेत. पुढची अधिवेशने साओ पावलो (२००८), डकार (२०१२), लिव्हरपूल (२०१७) आणि दक्षिण कोरिया (२०२३) येथे झाली.

या मैत्रीचा पहिला कस लवकरच लागला. कॅनबेराला आलेल्या कोलंबियाच्या इंग्रिद बेतांकूर यांचे फेब्रुवारी २००२मध्ये, अध्यक्षपदाच्या प्रचारात असताना, बंडखोरांनी अपहरण केले. जुलै २००८मध्ये त्या सुटेपर्यंत जगभरचे हरित पक्ष त्यांचे नाव विसरू देत नव्हते. रवांडात २००९मध्ये स्थापन झालेल्या डेमोक्रॅटिक ग्रीन पार्टीचे उपाध्यक्ष आंद्रे काग्वा र्विसेरेका यांची पुढच्याच वर्षी हत्या झाली आणि अध्यक्ष फ्रँक हबिनेझा यांना देश सोडावा लागला. ते परतले, २०१३मध्ये पक्षाची नोंदणी झाली आणि २०१८मध्ये त्याला संसदेत दोन जागा मिळाल्या. अशा देशात बाहेरच्या मित्रांचे लक्ष असणे हे कार्यकर्त्याचे संरक्षण असते.

कुटुंबातले वाद

नावात ‘हरित’ असले म्हणजे पक्ष हरित होतोच असे नाही. मेक्सिकोच्या हरित पक्षाने मृत्युदंडाची मागणी उचलून धरली, तेव्हा युरोपीय हरित पक्षाने त्याची मान्यता काढून घेतली. लॅटव्हियाच्या ज्या पक्षाने २००४मध्ये जगातला पहिला हरित पंतप्रधान दिला, त्यालाही २०१९मध्ये युरोपीय कुटुंबातून बाहेर काढले गेले. संख्या घटली तरी तत्त्व राखायचे, हा निर्णय योग्य होता.

पण तत्त्वांची खरी परीक्षा सत्तेत होते. १९९८मध्ये जर्मन हरित पक्ष केंद्र सरकारात गेला आणि काही महिन्यांतच कोसोवोच्या युद्धाचा प्रश्न उभा राहिला. मे १९९९च्या बीलेफेल्ड अधिवेशनात परराष्ट्रमंत्री योश्का फिशर यांच्या अंगावर लाल रंगाने भरलेली पिशवी फेकली गेली. युक्रेनला शस्त्रे द्यावीत की नाहीत, यावरही हरित पक्षांमध्ये एकमत नाही. अणुऊर्जेबाबत तसेच आहे. जर्मनीने एप्रिल २०२३मध्ये शेवटच्या तीन अणुभट्ट्या बंद केल्या, तर फिनलंडच्या हरित पक्षाने अणुऊर्जेचा स्वीकार केला. असे मतभेद ठरावांच्या गुळगुळीत भाषेत लपवण्यापेक्षा मोकळेपणाने मांडलेले बरे. आक्रमण झालेल्या देशाच्या सहकाऱ्याला अहिंसा म्हणजे काय हे दूरच्या राजधानीतून शिकवता येत नाही, त्याचे ऐकावे लागते.

ऐकण्याचा हा धडा ऑस्ट्रेलियातही मिळाला. २०१९मध्ये बॉब ब्राउन यांनी क्वीन्सलंडमधील अदानींच्या कारमायकल कोळसा खाणीविरुद्ध टास्मानियातून मोटारींचा ताफा नेला. खाणपट्ट्यातल्या अनेकांना ते रोजगारावरचे आक्रमण वाटले आणि विरोध अधिकच कडवा झाला. कामगाराच्या पुढच्या पगाराचे उत्तर हाती नसेल, तर बाहेरून आलेला पाठिंबा स्थानिक कार्यकर्त्याची वाट अवघड करून ठेवतो.

यवतमाळ आणि बासेल

सहकार्य कसे असावे, याचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्याजवळचे आहे. २०१७च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो दवाखान्यांत दाखल झाले. त्या वेळी ज्या रसायनांची नावे पुढे आली त्यांत डायफेनथियुरॉन होते. स्वित्झर्लंडच्या शेतात ते वापरायला परवानगी नव्हती, तरी तिथून भारतात त्याची निर्यात होत होती. बाधितांची तक्रार स्वित्झर्लंडमधील बासेलच्या न्यायालयापर्यंत गेली. स्विस संघटनांनी निर्यातीची कागदपत्रे उजेडात आणली, हरित खासदारांनी संसदेत निर्यातबंदीची मागणी लावून धरली आणि २०२१पासून स्वित्झर्लंडने डायफेनथियुरॉनसह पाच कीटकनाशकांची निर्यात बंद केली. फ्रान्समध्येही २०१८च्या कायद्यानुसार स्वदेशात बंदी असलेल्या कीटकनाशकांची निर्यात २०२२पासून रोखण्यात आली.

माझे म्हणणे याच ठिकाणी येऊन ठेपते. ज्या देशात हरित पक्षाच्या हाती खासदार आहेत, मंत्रिपदे आहेत, त्याने आपल्या देशातून बाहेर जाणाऱ्या हानीला आपल्याच संसदेत अडवले पाहिजे. त्याची राजकीय किंमतही त्यानेच मोजली पाहिजे. फ्रेंच हरित पक्षाचा स्वदेशात ज्या ईपीआर प्रकारच्या अणुभट्टीला विरोध आहे, तशाच सहा भट्ट्या रत्नागिरीतल्या जैतापूरसाठी प्रस्तावित आहेत. तिथल्या माडबन गावातल्या मच्छीमाराची शंका पॅरिसच्या सभागृहात विचारली जाणे हे त्या पक्षाचे कर्तव्यच ठरते.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची. पोलाद, सिमेंट, ॲल्युमिनियम यांच्या आयातीवर युरोपीय संघ कार्बनचे मूल्य आकारतो. युरोपीय हरितांना हा हवामानन्याय वाटतो, तर भारतातल्या निर्यातदाराला व कामगाराला तो नवा जकातनाका वाटू शकतो. असा कायदा आखतानाच दक्षिणेच्या देशांतील सहकारी शेजारी बसलेले हवेत, आणि त्यातून जमणाऱ्या पैशाचा वाटा गरीब देशांतले कारखाने स्वच्छ करण्यासाठी जावा, अशी मागणी युरोपीय हरितांनीच करावी.

पक्षाबाहेरचे हरित राजकारण

हरित पक्ष प्रामुख्याने प्रमाणशीर प्रतिनिधित्वाच्या देशांत वाढले. ब्रिटनमध्ये २०२४ साली सुमारे पावणेसात टक्के मते मिळूनही ६५०पैकी चारच जागा हाती आल्या. भारतातही ‘जास्त मते त्याची जागा’ हीच पद्धत आहे. इथे इंडिया ग्रीन्स पार्टी २०१८पासून काम करते, पण परिसराचे मोठे राजकारण घडले ते चिपको आंदोलनात आणि नर्मदेच्या खोऱ्यात. नंदुरबारची आदिवासी गावे ज्यात बुडाली, त्या सरदार सरोवराविरुद्धच्या आंदोलनाला १९९१मध्ये ‘राइट लाइव्हलीहूड’ पुरस्कार मिळाला. त्या पुरस्काराचे संस्थापक याकोब फॉन उक्सक्युल जर्मन हरित पक्षाचे युरोपीय खासदार होते. म्हणजे पक्ष आणि आंदोलन यांच्यातली ही वाट नवी नाही, ती रुळलेली करायला हवी.

त्यासाठी तीन गोष्टी तातडीच्या वाटतात. ग्लोबल ग्रीन्सच्या अधिवेशनात आंदोलनांना पाहुण्याची खुर्ची न देता चर्चेचे विषय ठरवण्याचा अधिकार द्यावा. श्रीमंत पक्षांनी प्रवास, भाषांतर आणि कायदेशीर मदतीसाठी कायमचा निधी उभारावा, कारण व्हिसा आणि विमानभाडे परवडत नाही म्हणून ज्याचा आवाज गळतो, त्याच्या नावाने केलेला ठराव पोकळ असतो. आणि प्रत्येक सदस्य पक्षाने दरवर्षी सांगावे की आपल्या देशाच्या कंपन्या, बँका आणि करारांमुळे परदेशांत झालेल्या कोणत्या हानीविरुद्ध त्याने संसदेत काय केले. कॅनबेराच्या सनदेला पाव शतक झाले. तिची सहा तत्त्वे आजही पुरेशी आहेत. यापुढे त्या मैत्रीचे मोजमाप सदस्यसंख्येने न करता या वार्षिक हिशेबाने व्हावे, आणि तो हिशेब मागण्याचा पहिला हक्क यवतमाळसारख्या जिल्ह्यांतल्या गावांना मिळावा.