मेगा ट्री: दिव्यांआधी खांब

अमेरिकेतल्या उपनगरांत डिसेंबरच्या संध्याकाळी गाडीने फेरी मारली, की कुणाच्या तरी घरासमोर बिनफांद्यांचं, बिनपानांचं एक झाड दिसतं. अंगणाच्या मधोमध उंच खांब, त्याच्या टोकावर चांदणी, आणि तिथून जमिनीपर्यंत घागऱ्याच्या घेरासारख्या पसरलेल्या दिव्यांच्या माळा. गाणं सुरू झालं की या माळांवर रंगांचे वेढे चढू लागतात, वरून बर्फ भुरभुरतो, मधेच सांताक्लॉजचा चेहरा उमटतो. या छंदातली मंडळी त्याला 'मेगा ट्री' म्हणतात. तिथल्या अनेक मराठी घरांवर दिवाळीत लावलेल्या माळा नाताळापर्यंत उतरत नाहीत. शेजाऱ्याचं झाड पाहून आपणही एक उभारावं असं त्यांच्यापैकी कुणाला वाटलं, तर नवल नाही. त्यातले पिक्सेल दिवेही आपल्या ओळखीचेच. गणेशोत्सवात मंडळांच्या कमानींवर हल्ली तेच नाचत असतात.

मग व्हिडिओ पाहणं सुरू होतं आणि खरेदीची यादी तयार होते. पिक्सेल, कंट्रोलर, पॉवर सप्लाय, चांदणी, आणि अगदी शेवटी खांब. माझं आग्रहाचं सांगणं आहे की ही यादी उलट क्रमाने वाचावी. खांब, तार आणि पाणी या तिन्हींकडे ज्याने आधी लक्ष दिलं, त्याचं झाड नाताळपर्यंत नीट चालतं. रंगांचा खेळ नंतर शिकता येतो. या झाडाविषयीचे बहुतेक गैरसमज हा क्रम चुकल्यामुळेच रुजले आहेत.

"नाचणारे दिवे हे संगणकाच्या काळातलं खूळ आहे"

विजेच्या दिव्यांनी सजलेलं पहिलं नाताळचं झाडच मुळात हलतं होतं. एडिसनचा सहकारी एडवर्ड जॉन्सन याने १८८२ च्या डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या आपल्या घरी लाल, पांढरे आणि निळे असे ८० दिवे हाताने जोडून झाड सजवलं. ते झाड विजेवर मिनिटाला साधारण ६ फेरे घेत असे, आणि फिरता फिरता त्यावरचे रंग आळीपाळीने उजळत. म्हणजे दिवे आणि त्यांची हालचाल ही जोडी पहिल्या दिवसापासूनची आहे.

आजच्या लाटेचं श्रेय मात्र ओहायो राज्यातल्या मेसन गावच्या कार्सन विल्यम्स या विद्युत अभियंत्याला द्यायला हवं. २००४ च्या नाताळात त्याने घरावरचे १६,००० दिवे ८८ गटांत विभागून गाण्याच्या तालावर नाचवले. वर्षभराने त्याचा व्हिडिओ जगभर पोहोचला. शेजाऱ्यांना आवाजाचा त्रास नको म्हणून प्रेक्षकांनी गाडीतल्या एफएम रेडिओवर गाणं ऐकावं, ही सोय त्याच्याकडे तेव्हाच होती. तरीही बघ्यांच्या गाड्यांनी रस्ता इतका अडला की जवळच झालेल्या एका अपघातापर्यंत पोहोचताना पोलिसांना अडचण आली, आणि त्याने रोषणाई बंद केली. त्याच्याकडे १६,००० दिव्यांना ८८ चॅनेल होते; आज ८०० पिक्सेलच्या झाडाला २,४०० लागतात, कारण प्रत्येक पिक्सेलमधला लाल, हिरवा आणि निळा दिवा वेगवेगळा नियंत्रित करता येतो. या कामासाठी लोक सर्रास वापरतात ते एक्सलाइट्स हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यामुळे महागड्या सॉफ्टवेअरची धास्तीही बाळगायला नको.

"एवढे दिवे म्हणजे विजेचं बिल डोळे पांढरे करणार"

हिशोब करून बघू. १६ माळा, प्रत्येकीत ५० पिक्सेल, एकूण ८००. पाच व्होल्टचा एक पिक्सेल पूर्ण पांढरा उजळला तर साधारण ०.३ वॅट घेतो. सगळे एकदम पूर्ण उजळले तर २४० वॅट झाले. रोज ५ तास, ३० दिवस, म्हणजे ३६ युनिट. आणि पूर्ण प्रखरतेवर कुणी चालवतही नाही. बहुतेक जण ३० टक्क्यांवर थांबतात, कारण अंधारात आपल्या डोळ्यांना तेवढाच उजेड निम्म्याहून अधिक वाटतो, आणि त्यापुढे रंग फिकटतात. जुन्या पद्धतीचे ७ वॅटचे ८०० मोठे बल्ब लावले असते तर ५,६०० वॅट लागले असते, आणि अमेरिकेतल्या घरातलं १५ अँपियरचं एक सर्किट तर फार तर १,८०० वॅट पेलतं. बिलाची भीती त्या काळातली आहे.

"दिवे हलके असतात, खांब कसलाही चालेल"

सगळ्यांत घातक गैरसमज हाच. एकेक माळ हातात घेतली तर खरंच हलकी वाटते. पण ती सरळ दिसावी म्हणून ताणावी लागते. प्रत्येक माळ अवघ्या ५ किलोच्या जोराने ताणली, तरी १६ माळांचे ८० किलो होतात. त्यातला मोठा भाग खांबाला खाली दाबतो, उरलेला बाजूला ओढतो. झाड चारी बाजूंनी गोल असेल तर ही ओढ एकमेकींना सावरते. परंतु बहुतेक घरांत झाड अर्धंच करतात, रस्त्याकडचं, कारण मागची बाजू कुणी बघत नाही. अशा अर्ध्या झाडाच्या सगळ्या माळा खांबाला रस्त्याकडेच खेचत राहतात, आणि मागून धरायला काहीच नसतं.

म्हणून मागच्या बाजूला तणावे हवेत, म्हणजे तंबूला असतात तशा तारा, जमिनीत स्क्रूसारख्या पिळून बसवलेल्या खुंट्यांना बांधलेल्या. पुढच्या माळाच पुढचे तणावे होतील असं अनेक जण धरून चालतात. ते चुकीचं आहे. माळेतली वायर वीज वाहण्यासाठी असते, वादळात खांब धरून ठेवण्यासाठी नसते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो, हे गणित डिसेंबरच्या एखाद्या वादळी रात्री खांबाला भोगावं लागतं. पाऊस आणि बर्फाने भिजलेल्या मातीत खुंट्याही ढिल्या पडतात. त्यामुळे तणावे एकदा बांधून विसरायचे नसतात, दर आठवड्याला हाताने ओढून पाहायचे असतात.

उंचीचा मोहही आवरावा. पिक्सेल ३ इंचांवर ठेवले तर ५० पिक्सेलची माळ साडेबारा फूट होते, १०० ची २५ फूट. पहिल्या वर्षी साडेबारा फूट पुष्कळ झाले. खांब उभा करताना वर वीज कंपनीच्या तारा नाहीत ना, हे आधी मान वर करून बघायचं. धातूचा पाइप उभा होताना तिरका फिरतो आणि तारेपर्यंत सहज पोहोचतो. शिडी असो वा पाइप, तारेपासून निदान १० फूट लांबच. खुंट्या बसवण्यापूर्वी अमेरिकेत ८११ या क्रमांकावर फोन करायचा; माणसं येऊन जमिनीखालच्या गॅस, वीज, पाणी यांच्या वाहिन्या रंगाने किंवा छोट्या झेंड्यांनी दाखवून जातात. त्याला पैसे पडत नाहीत. तरी हा फोन टाळणारे लोक आहेत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

"१२ व्होल्टला कसला आलाय धोका?"

शॉकचा धोका नाही, हे बरोबर. आगीचा आहे. १२ व्होल्टचा ३५० वॅटचा पॉवर सप्लाय जवळजवळ २९ अँपियर देऊ शकतो. समजा, माळेची बारीक वायर कुठेतरी दारात चेपली आणि तिच्यातून २० अँपियर वाहू लागले. सप्लायच्या दृष्टीने सगळं ठीक आहे, कारण त्याची मर्यादा त्याहून वर आहे. तो बंद पडणार नाही. वायर मात्र तापत जाईल. म्हणून सप्लायमधून निघणाऱ्या प्रत्येक फाट्यावर ५ अँपियरच्या आसपासचा वेगळा फ्यूज हवा. पिक्सेलना संदेश पाठवणाऱ्या काही कंट्रोलरवर प्रत्येक आउटपुटला असे फ्यूज बसवलेलेच असतात. माळेच्या मध्यावर किंवा टोकाला वेगळी वायर नेऊन वीज पुरवली, तर त्या वायरला मात्र आपणच फ्यूज लावायचा, आणि नेमकं तेच राहून जातं.

शिवाय या सप्लायची दुसरी बाजू १२ व्होल्टची नसते. जाळीच्या धातूच्या पेटीत येणाऱ्या स्वस्त सप्लायचे स्क्रू उघडे असतात आणि त्यांतल्या दोनांवर घरची वीज असते, अमेरिकेत १२० व्होल्ट, आपल्याकडे २३०. मुलांचा हात पोहोचेल अशा जागी ती पेटी उघडी ठेवणं म्हणजे निव्वळ बेफिकिरी.

"टोकाचे दिवे लालसर दिसतात, म्हणजे माल खराब"

बहुधा नाही. पांढरा रंग लाल, हिरवा आणि निळा मिळून होतो. लाल एलईडीला पेटायला साधारण २ व्होल्ट पुरतात, हिरव्या-निळ्याला ३ च्या आसपास लागतात. लांब वायरीत व्होल्टेज पडत जातं, तसे निळे-हिरवे आधी मंदावतात, आणि पांढऱ्याचा पिवळट, मग लालसर होतो. उपाय म्हणजे माळेच्या दुसऱ्या टोकालाही वीज द्यायची, किंवा प्रखरता कमी करायची. वेगळ्या सप्लायमधून वीज दिली तर दोन्ही सप्लायच्या ऋण तारा एकत्र जोडायच्या. धन तारा जोडायच्या नाहीत, त्या वेगळ्याच ठेवायच्या. १२ व्होल्टच्या पिक्सेलमध्ये ही अडचण उशिरा येते, म्हणून लांब माळांना ते बरे. पण त्यांतली बरीच वीज नुसती उष्णता होऊन जाते.

"सगळं हवाबंद केलं की पाणी शिरत नाही"

चांगल्या पिक्सेलवर राळेचा थर असतो. पाऊस त्यांना फारसं काही करत नाही. पाणी शिरतं ते जोडांत आणि कंट्रोलरच्या पेटीत. जोडाला घट्ट टेप गुंडाळली की पाणी आत जायचं थांबत नाही, गेलेलं बाहेर यायचं तेवढं थांबतं. पेटीचंही तसंच. दिवसा पेटी तापते, रात्री गारठते, आतल्या हवेतलं बाष्प भिंतींना दव होऊन चिकटतं आणि खाली ओघळतं. म्हणून पेटीच्या तळाला बारीक भोकं ठेवतात, सगळ्या वायरी खालून आत घेतात, आणि आत घेण्यापूर्वी प्रत्येक वायरीला खाली झोल देतात, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी झोलाच्या तळाशी ठिपकतं, पेटीत जात नाही. एवढ्याशा झोलाने कंट्रोलर वाचतो.

पावसात बाहेरचा सॉकेट सारखा ट्रिप होतो, अशी तक्रार असते. अमेरिकेत अशा सॉकेटला गळती ओळखणारा जीएफसीआय असतो, तो ४ ते ६ मिलिअँपियर गळतीवर वीज तोडतो. आपल्या घरातल्या आरसीसीबीची मर्यादा सहसा ३० असते, त्या मानाने तो फारच हळवा. तो वीज तोडतोय म्हणजे बहुधा कुठेतरी घरच्या विजेचा जोड जमिनीवर, पाण्यात पडलाय. तो जोड शोधून वर उचलायचा. जीएफसीआय टाळून दुसरीकडून वीज घेणं, हे कुणीही करू नये.

"छोटा एफएम ट्रान्समीटर विकत मिळतो, म्हणजे तो कायदेशीरच"

विकत मिळणं आणि वापरायला परवानगी असणं वेगळं. अमेरिकेत विनापरवाना प्रक्षेपण साधारण २०० फुटांच्या आतच पोहोचावं, असा नियम आहे. घरासमोर थांबलेल्या गाड्यांना तेवढं पुरतं.

"एक दिवा गेला की अख्खी माळ गेली"

पूर्वी पुष्कळ माळांत हे खरं होतं. त्यांत ८ बल्ब एकामागोमाग एक जोडलेले असत. एक गेला की आठही गेले, आणि घरातला कर्ता माणूस एकेक बल्ब बदलत बसे. पुढे आलेल्या मिनी बल्बांत तार तुटली तरी वीज पुढे नेणारी एक बारीक पर्यायी वाट तळाशी असते, त्यामुळे बाकीचे पेटत राहतात.

पिक्सेलचं तिसरंच काही आहे. त्यांना वीज समांतर मिळते, पण रंगांचा संदेश एका पिक्सेलकडून पुढच्याकडे जातो. प्रत्येक पिक्सेल आपल्यापुरता संदेश ठेवून घेतो आणि उरलेला पुढे पाठवतो. त्यामुळे माळेतला २३ वा बिघडला की २४ पासून पुढचे सगळे गप्प होतात, किंवा आहे त्याच रंगात गोठतात. आणि इथे एक मेख आहे. दोष पहिल्या बंद पिक्सेलमध्येच असेल असं नाही. शेवटच्या चालू पिक्सेलला संदेश मिळालेला असतो, पण तो पुढे पाठवणारी त्याची बाजू मेलेली असू शकते. म्हणून खालूनच दोन्ही पिक्सेल ओळखून ठेवायचे, शिडीवर चढण्यापूर्वी वीज बंद करायची, आणि शक्यतो दोन्ही बदलायचे. नवा बसवताना दिशा तपासायची, कारण संदेश एकाच बाजूने जातो. पिक्सेल उलटा जोडला तर पुढचं काहीच लागत नाही. आणि सुटे पिक्सेल माळेबरोबर त्याच खेपेतले मागवून ठेवायचे. पुढच्या वर्षी घेतलेल्यांचा पांढरा रंग जरासा वेगळा निघतो, आणि खांबाच्या उंचीवर तो एकटाच डोळ्यात भरतो.