स्पीकर घेताना : खोक्यावरचे वॅट आणि कानाला येणारा आवाज

आमच्याकडे जरीचे काम करणारा एक कारीगर लग्नसराईत हाती चार पैसे आले म्हणून घरी स्पीकरचा सेट घेऊन आला. साडेसहा हजार रुपये गेले, त्यातले तीन हजार आमच्याकडून उचल. खोक्यावर मोठ्या अक्षरांत '१०,००० वॅट पीएमपीओ' छापलेले. आठ दिवसांनी सांगू लागला, "सेठ, गाणे लावले की पोरे नाचतात, पण पिक्चर लावला की अम्मी विचारते, तो माणूस बोलला काय?" सेटमध्ये बिघाड नव्हता, निवड चुकली होती. असे अनेक बांधवांचे होते, म्हणून हा विषय घेतला आहे. आम्ही कापडाचे व्यापारी, इंजिनिअर नव्हे. परंतु माल पारखायची रीत सगळ्या बाजारांत जवळपास एकच.

प्रथम आकड्याचे पाहू. कापड ताणून मोजले तर तीस मीटरच्या थानाचे बत्तीस मीटरही भरेल. शिवायला घेतले की खरे माप कळते. पीएमपीओचे माप असेच ताणलेले. एका क्षणाच्या कमाल ताकदीचा हा आकडा कोणी कसा काढावा याचा काही ठराव नाही, म्हणून जो तो आपल्या मर्जीने छापतो. सतत मिळणारी ताकद 'आरएमएस' वॅटमध्ये सांगतात, तेवढीच विचारावी. अमेरिकेत अशाच फुगवलेल्या आकड्यांमुळे सरकारला १९७४ साली अॅम्प्लिफायरच्या वॅटसाठी नियम करावा लागला होता. आपण एक सोपी तपासणी करू शकतो. सेटच्या पाठीमागे पट्टी असते, तिच्यावर तो किती वीज खातो ते लिहिलेले असते. तिथे ६० वॅट असेल तर तो सतत ६० वॅटपेक्षा जास्त देऊच शकत नाही. घेईल त्यापेक्षा जास्त कुठून देणार?

शिवाय वॅट दुप्पट झाले म्हणजे आवाज दुप्पट होतो, हाही गैरसमज आहे. दुप्पट वॅटने फक्त ३ डेसिबलची भर पडते. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट ताकद लागते. दहा बाय बाराच्या खोलीत खरे २०-३० वॅट पुष्कळ झाले.

आता अम्मींच्या तक्रारीचे कारण. त्या कारीगराचा सेट '२.१' जातीचा, म्हणजे दोन चिमुकले डबे आणि खाली एक मोठा वूफर. चिमुकल्या डब्यातला अडीच-तीन इंची पडदा जाड आवाज काढू शकत नाही, ते काम वूफरवर पडते. पुरुषाच्या बोलण्याचा तळ साधारण ८५ ते १८० हर्ट्झमध्ये असतो. म्हणजे माणसाचा अर्धा आवाज टेबलावरून आणि अर्धा पलंगाखालून येतो, त्यात दुकानदाराने बास चढवून दिलेला. ढोल दणदणीत लागतो, पण बोलणे धुपते. गझल, कव्वाली ऐकणाऱ्यालाही हा सेट लवकर नकोसा होतो, कारण गाणाऱ्याचा गळाच दबून जातो.

पाच-सात हजारांत संगीत आणि सिनेमा दोन्ही भागवायचे असेल तर आमच्या मते दोनच डब्यांची जोडी घ्यावी. पण डबे जरा मोठे, चार-पाच इंची पडदा आणि वर वेगळा ट्विटर असलेले. टीव्हीच्या दोन बाजूंना, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर ठेवले आणि समोर मधोमध बसले, तर बोलणे पडद्यातूनच येते असे वाटते. धमाक्याला जमीन हादरणार नाही, हे खरे. अलबत्ता ज्यांच्या भिंतीपलीकडे शेजारी झोपतो त्यांना ते सोयीचेच, कारण जाड आवाज भिंतीने अडत नाही.

पाच डबे आणि वूफरचा '५.१' सेट आम्ही स्वतः घेऊन पस्तावलो आहोत. या पद्धतीत संवाद मुख्यतः मधल्या डब्यातून येतात, ही कल्पना चांगली आहे. पण आमच्या सेटला फक्त साधी लाल-पांढरी पिन होती, तिच्यातून टीव्हीचे दोनच आवाज येतात. बाकीचे सेट आपल्या अंदाजाने वाटून देतो. खरा ५.१ हवा तर एचडीएमआय एआरसी किंवा ऑप्टिकल जोडणी आहे का, आणि सेट डॉल्बी डिजिटल उलगडतो का, हे आधी विचारावे. मागच्या दोन डब्यांच्या तारा तर आमच्या सतरंजीखाली वर्षभर पायात येत होत्या. साउंडबारला जागा कमी लागते, पण डावा-उजवा भेद त्यात कमी कळतो.

दुकानात जाताना आपल्या पाठ असलेले एक गाणे आणि भरपूर संवादांचा एक प्रसंग मोबाइलमध्ये घेऊन जा. बास-ट्रेबलची बटणे मधे आणायला लावा. दोन सेट तोलताना आवाज सारखा ठेवा, कारण जरा मोठा वाजणारा सेट कानाला नेहमी चांगला वाटतो आणि विकणाऱ्याला हे ठाऊक असते. डब्यावर बोटाने ठोकून पाहा. पोकळ खणखण आली तर तीच खणखण गाण्यातही मिसळणार. ब्लूटूथ गाण्याला ठीक आहे, पण पिक्चरला ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतो, तेव्हा तार जोडावी.

घरी आल्यावर वूफर कोपऱ्यात ढकलू नका, तिथे तो जास्तच घुमतो. फरशीच्या उघड्या खोलीत आवाज फुटतो. तिथे जाड पडदा चुण्या घालून लावला, खाली सतरंजी टाकली की फरक पडतो. पातळ व्हॉइलने काही होत नाही, हे कापडवाल्याकडून ऐका.

त्या कारीगराला आम्ही नवे काही घ्यायला लावले नाही. वूफर पलंगाखालून काढून दोन डब्यांच्या मधे आणला, त्याचे बटण पाव भागावर आणले, डबे कपाटावरून उतरवून स्टुलांवर ठेवले. अम्मींना आता पुष्कळसे कळते. उचलीचे तीन हजार अजून फिटायचे आहेत.