कागदी शिरस्त्राणाचे माप : टोप डोळ्यांवर का घसरतो?

आषाढात संत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीचा मुक्काम आटोपून पुढे निघाली, की वाटेतील काटेवाडीत दर्शनासाठी मोठी गर्दी लोटते. पालखीसाठी परीट समाजाच्या वतीने धोतरांच्या पायघड्या घातल्या जातात आणि मग पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण धावते. त्या गर्दीतील माथ्यांकडे सहज नजर टाकली, तर एक गोष्ट ध्यानात येते. मेंढपाळाचे मुंडासे असो, गावकऱ्याचा फेटा असो वा वारकऱ्याचे पागोटे. ते बांधणाऱ्याला आपल्या डोक्याचे माप कधी विचारावे लागत नाही. कापड स्वतःच माप घेते. एक वेढा सैल, एक घट्ट, की काम झाले.

कागदाची गोष्ट निराळी. १९ फेब्रुवारीची शिवजयंती किंवा शाळेचे स्नेहसंमेलन जवळ आले, की घरोघरी पुठ्ठा, कात्री आणि फेविकॉल घेऊन मावळ्यांचे टोप, सरदारांची शिरस्त्राणे घडू लागतात. आई-वडील रात्री जागून हे काम करतात. सोनेरी कागद चढतो, टिकल्या लागतात, तुरा खोचला जातो. आणि ऐन प्रवेशात टोप सरकून थेट नाकावर येतो. प्रेक्षक हसतात आणि आठवडाभर संवाद पाठ केलेले मूल गोंधळून गप्प होते. दोष मुलाचा नसतो, कारागिरीचाही नसतो. चूक मापात असते. ही चूक कशी होते आणि ती कशी टाळावी, हे समजून घेणे अवघड नाही. त्यासाठी शाळेत शिकलेले वर्तुळाच्या परिघाचे गणित पुरेसे आहे.

शिरस्त्राणाच्या आतही काहीतरी असते

खऱ्या शिरस्त्राणाचा इतिहास इथे थोडा उपयोगी पडतो. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाची भेट झाली, तेव्हा शिवाजी महाराजांनी अंगरख्याखाली चिलखत आणि मंदिलाखाली पोलादी टोप घातला होता, असे बखरकार सांगतात. फारसीत ‘जिरह’ म्हणजे कड्याकड्यांचे चिलखत. ‘जिरेटोप’ या शब्दाचे नाते त्याच्याशी सांगितले जाते. धातूचा टोप कधीही उघड्या डोक्यावर घालत नसत. आत कापसाचे किंवा कापडाचे जाड अस्तर असे. म्हणजे टोपाचे माप आणि डोक्याचे माप या दोन वेगळ्या गोष्टी, हे जुन्या कारागिरांना पक्के ठाऊक होते. घरी कागदाचा टोप करताना आपण नेमके हेच विसरतो.

माप कोठे आणि कसे घ्यावे?

शिंप्याची टेप घ्यावी. भुवयांच्या वर साधारण एक बोट अंतरावरून ती कपाळावर टेकवावी, दोन्ही कानांच्या वरून न्यावी आणि मागे डोक्याचा जो भाग सर्वांत जास्त बाहेर येतो, त्यावरून फिरवून पुन्हा कपाळावर आणावी. टेप आडवी सरळ राहिली पाहिजे. मागे खाली घसरली तर माप चुकते. तीनदा मोजून सर्वांत मोठे माप धरावे. प्रवेशाच्या दिवशी केसांची जी रचना असेल, त्याच रचनेत मोजावे. अंबाडा, वेण्या किंवा केसांखाली लपलेला चाप एक-दोन सेंटीमीटर सहज वाढवतो. टेप नसेल तर सुतळी फिरवून गाठ मारावी व ती पट्टीवर मोजावी. मात्र ताणली जाणारी लोकर किंवा इलॅस्टिक वापरू नये.

याखेरीज आणखी दोन मापे लिहून ठेवावीत : कपाळापासून डोक्याच्या मागच्या टोकापर्यंतची सरळ लांबी आणि दोन्ही कानांच्या वर डोक्याची रुंदी. भिंतीला पाठ लावून मुलाला उभे करावे, कपाळाला एक वही उभी टेकवावी आणि वही ते भिंत हे अंतर मोजावे. रुंदीसाठी दोन वह्या दोन्ही बाजूंना धराव्यात. ही मापे का लागतात, ते पुढे येईल.

उंचीच्या हिशेबाने टोप लहान करू नये

मोठ्या माणसाच्या मापाचा नमुना हाताशी असतो आणि टोप करायचा असतो पाच वर्षांच्या मुलासाठी. तेव्हा अनेकांच्या मनात येते, मूल मोठ्या माणसाच्या कमरेइतके, फार तर छातीइतके. मग टोपही त्याच प्रमाणात लहान करावा. येथेच फसगत होते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या मानकांनुसार जन्मवेळी डोक्याचा घेर सरासरी ३४ ते ३४.५ सेंटीमीटर असतो. पहिल्या वाढदिवसाला तो ४५-४६ सेंटीमीटर होतो आणि पाचव्या वर्षी मुलांत सुमारे ५०.७, तर मुलींत सुमारे ४९.९ सेंटीमीटर भरतो. प्रौढ माणसाचा घेर बहुधा ५४ ते ५८ सेंटीमीटरच्या आसपास असतो. म्हणजे पाच वर्षांच्या मुलाची उंची मोठ्यांच्या दोन-तृतीयांश असली, तरी त्याचे डोके मोठ्यांच्या सुमारे नऊ-दशांश झालेले असते. ६० सेंटीमीटर घेराचा नमुना उंचीच्या हिशेबाने ६५ टक्के केला, तर ३९ सेंटीमीटरचा टोप तयार होईल. तो काही महिन्यांच्या तान्ह्या बाळालाच बसेल!

अस्तर आणि पुठ्ठा किती जागा खातात?

आता मुख्य हिशेब. समजा, डोक्याचा घेर ५१ सेंटीमीटर आहे आणि टोपाच्या आत सर्व बाजूंनी अर्धा सेंटीमीटर जाडीचा स्पंज लावायचा आहे. मग टोपाचा आतला घेर किती हवा? बहुतेकजण म्हणतील, अर्धा इकडे, अर्धा तिकडे, म्हणून एक सेंटीमीटर वाढवू. हे उत्तर चूक आहे. त्रिज्या अर्ध्या सेंटीमीटरने वाढली, की घेर २ गुणिले ३.१४ गुणिले ०.५, म्हणजे ३.१४ सेंटीमीटरने वाढतो. तेव्हा टोपाचा आतला घेर ५४ सेंटीमीटरच्या थोडा वरच हवा. अस्तर एक सेंटीमीटर जाड असेल, तर ही वाढ ६.२८ सेंटीमीटरची होते. लक्षात ठेवायला सोपा नियम असा : सर्व बाजूंनी जितकी जाडी वाढेल, तिच्या सव्वासहा पट घेर वाढवावा.

हाच नियम पुठ्ठ्यालाही लागू पडतो. खोक्याचा, आत नागमोडी थर असलेला पुठ्ठा साधारण तीन मिलिमीटर जाड असतो. त्याची ५४ सेंटीमीटर लांबीची पट्टी गोल वळवून तोंडे जुळवली, तर बाहेरचा घेर ५४ राहतो. कारण बाहेरचा कागद ताणला जात नाही. आतला थर मात्र दबतो, सुरकुततो आणि आतला घेर सुमारे ५२ सेंटीमीटर उरतो. ‘मोजून कापली होती, तरी पट्टी डोक्यात शिरत नाही’ या तक्रारीचे मूळ येथे आहे. टोप साध्या कार्डशीटचा असेल, तर जाडी नगण्य धरता येते. पट्टी कापताना तोंडे एकमेकांवर चिकटवण्यासाठी दोन-तीन सेंटीमीटर जादा ठेवावेत. ते मापात धरू नयेत.

डोके गोल नसते

घेर बरोबर असूनही टोप कपाळाला टोचतो आणि बाजूंनी हलतो, असे का होते? कारण डोके वरून पाहिले तर ते वर्तुळ नसून लंबगोल असते. १८ सेंटीमीटर लांब आणि १४ सेंटीमीटर रुंद डोक्याचा घेर सुमारे साडेपन्नास सेंटीमीटर भरतो. तेवढ्याच घेराचे वर्तुळ काढले, तर त्याचा व्यास १६ सेंटीमीटर येतो. म्हणजे पुढे-मागे दोन सेंटीमीटर जागा कमी पडते आणि प्रत्येक कानाकडे एक सेंटीमीटर जागा रिकामी राहते.

यावर उपाय दोन. पट्टी चिकटवल्यावर दोन्ही बाजूंनी हलकेच दाबून लंबगोल करावी आणि मगच वरचा घुमट जोडावा. घुमट फुग्यावर किंवा मडक्यावर केल्यामुळे तो गोलच असेल, तर व्यास डोक्याच्या लांबीवरून ठरवावा आणि बाजूंची पोकळी स्पंजच्या तुकड्यांनी भरावी. अस्तर सर्वत्र सारखे लावण्यापेक्षा कपाळ, मागील बाजू व दोन्ही कानांच्या वर असे चार तुकडे लावले, तर टोप स्थिर राहतो आणि मधून हवाही खेळते.

छापील नमुना लहान-मोठा करताना

संगणकावरून छापून घ्यायचे, घड्या घालून चिकटवायचे शिरस्त्राणाचे नमुने आज सहज मिळतात. त्यांचे माप बदलण्याचे सूत्र एका ओळीचे आहे : हवा असलेला आतला घेर भागिले नमुन्याचा आतला घेर. वरच्या उदाहरणात ५४ भागिले ६० म्हणजे ०.९०, झेरॉक्सवाल्याला किंवा छपाई करणाऱ्याला ‘९० टक्के’ सांगावे. मात्र सर्व पाने एकाच टक्क्याने छापली गेली पाहिजेत, नाहीतर जोड जुळत नाहीत.

छपाईयंत्रे पुष्कळदा ‘पानात मावेल असे’ म्हणून चित्र आपोआप आक्रसतात. म्हणून आधी एकाच पानावर १० सेंटीमीटरची रेघ छापून पट्टीने मोजावी. ती ९.७ भरली, तर ५४ चा घेर प्रत्यक्षात ५२.४ होईल आणि अर्ध्या सेंटीमीटरच्या अस्तराला जागाच उरणार नाही. सर्व पाने कापण्यापूर्वी कपाळपट्टीचे तुकडे तेवढे साध्या कागदावर छापून, चिकटवून मुलाच्या डोक्यावर ठेवून पाहावेत. दहा मिनिटांचे हे काम एका रात्रीची मेहनत वाचवते.

चेहरा पूर्ण झाकणारे शिरस्त्राण असेल, तर आणखी एक अडचण असते : टोप डोक्याला बसतो, पण खालच्या तोंडातून डोके आत जात नाही. कारण डोके आत जाताना नाकाच्या शेंड्यापासून मागच्या टोकापर्यंतचे अंतर आडवे येते आणि ते कपाळाच्या लांबीपेक्षा जास्त असते. हे अंतरही मोजावे. जागा अपुरी असेल, तर संपूर्ण टोप मोठा करण्याऐवजी मागची बाजू उभी कापून तेथे वेल्क्रो लावावी.

लगद्याचा टोप

कागदाच्या लगद्याची आपल्याकडे जुनी परंपरा आहे. जव्हार-मोखाडा भागातील बोहाड्यात देवदेवतांची आणि दैत्यांची सोंगे नाचतात, त्यांचे मुखवटे लाकडाचे तसेच कागदाच्या लगद्याचेही असतात. लगद्याचे काम करताना एक भेद ध्यानात ठेवावा. फुग्याच्या किंवा मडक्याच्या बाहेरून कागद चढवला, तर आतले माप त्या वस्तूइतकेच राहते. साच्याच्या आतून लगदा थापला, तर जाडी आतली जागा खाते. अर्धा सेंटीमीटर जाडीला घेर तीन सेंटीमीटरने कमी होतो. शिवाय ओला लगदा वाळताना आक्रसतो, म्हणून माप थोडे सैलच धरावे. खळीला कीड लागू नये म्हणून तीत मोरचूद घालण्याची जुनी रीत आहे. मोरचूद विषारी असल्याने मुलाच्या तोंडाजवळ येणाऱ्या वस्तूत ती मुळीच वापरू नये.

शेवटची परीक्षा

रंग देण्यापूर्वी टोप मुलाच्या डोक्यावर ठेवून चार गोष्टी करायला सांगाव्यात : खाली वाकून मुजरा, वर आकाशाकडे पाहणे, डावी-उजवीकडे मान फिरवणे आणि मोठ्याने एक संवाद म्हणणे. टोप न धरता हे सारे जमले, पायाखालची पायरी दिसली आणि समोरच्याचे बोलणे ऐकू आले, तर माप उत्तम. चष्मा असणाऱ्या मुलाने तो लावूनच ही परीक्षा द्यावी. हनुवटीखाली पट्टा असेल, तर तो ओढताच सुटणारा असावा. मिरवणुकीत शिवज्योत, मशाली व फटाके असतात. कागदाचा टोप घातलेले मूल त्यांच्यापासून दूर ठेवावे.

आणि एक शेवटचे. कार्यक्रमाला मूल दुचाकीवरून जाणार असेल, तर तेवढ्या वाटेपुरता कागदी टोप पिशवीत आणि खरे हेल्मेट डोक्यावर असावे. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार चार वर्षांवरील प्रत्येकाला दुचाकीवर हेल्मेट आवश्यक आहे. त्या हेल्मेटवर ५६०, ५८०, ६०० असे आकडे लिहिलेले दिसतात, ते मिलिमीटरमधील डोक्याचा घेरच होय. मुलाच्या डोक्यावर बापाचे हेल्मेट अडकवणे म्हणजे रंगमंचावर घसरणाऱ्या टोपाचीच चूक रस्त्यावर करणे. तेथे हसायला प्रेक्षक नसतात आणि प्रवेश पुन्हा करता येत नाही. कागदी टोपासाठी काढलेली शिंप्याची टेप त्या दिवशी या कामासाठीही वापरली, तर रात्रीचे जागरण दुप्पट सत्कारणी लागले असे म्हणता येईल.